चुकीच्या तुकड्यावरचं घर

जमीन फुकट मिळते असं आम्हाला मायदेशी, समुद्रापलीकडे गालिसियात सांगितलं होतं. फुकट कसली! सरकार एकशे साठ एकरांचा चौकोन नावावर मांडून देतं आणि म्हणतं, तीन वर्षं तिथेच राहा, घर बांधा, तीस एकर रान नांगरून दाखवा, मग मालकीचा कागद घ्या. आमच्या अल्बर्टाच्या रानात तीस एकर म्हणजे दिवसभर झाडांची मुळं उपटायची आणि संध्याकाळी स्वतःची कंबर शोधायची.

माझी थोरली जाऊ परस्का हिने ते केलं. पहिली दीड वर्षं नवऱ्याबरोबर, पुढे एकटीने. माझे थोरले दीर ओनुफ्री दुसऱ्या हिवाळ्यात झाड पाडताना त्याखालीच गेले. जवळ ना चर्च ना पाद्री. शेताच्या कोपऱ्यावर बर्फ बाजूला सारून, जमीन विस्तवाने मऊ करून आम्ही त्यांना पुरलं आणि वर लाकडी क्रूस रोवला. वसंतात परस्काने बैल जुंपले. मी आणि माझा नवरा तिमको शेजारच्याच चौकोनावर होतो. मदत करायचो, पण नांगर ती कुणाच्या हाती देत नसे.

तीन वर्षं भरली, पीक काढून झालं आणि सरकारी तपासनीस आला. परस्काने घर नवीन लिंपून ठेवलं होतं. त्याने नांगरट पावलांनी मोजली, मान डोलावली, कोपऱ्यात मोजणीवाल्यांनी रोवलेल्या लोखंडी गजापाशी बसून त्यावर कोरलेले आकडे वाचले आणि परत वाचले. मग तिमकोला बोलावलं. तिमकोने रेल्वेच्या कामावर चाळीसेक इंग्रजी शब्द मिळवले होते, त्यातल्या पंचवीस शिव्या; पण एवढं त्यालाही कळलं.

"वहिनी," तो म्हणाला, "हा तुमचा तुकडा नाही. तुमचा तो पलीकडचा, दलदलीतला."

गजाला चार बाजू, चार बाजूंना चार जणांच्या जमिनी. ओनुफ्रींनी बाजू चुकवली होती. कचेरीच्या वहीत हा तुकडा रिकामा होता आणि याच वर्षीच्या वसंतात तो मर्डो मॅकास्किल नावाच्या माणसाला दिला गेला होता.

"दादाला साधा गज वाचता आला नाही!" तिमको ओरडला.

"भावजी, तोंड आवरा," परस्का म्हणाली. "त्यांना काय बोलायचं ते मी बोलेन. आत्ता नाही." आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. मला रडूच कोसळलं. घर, तीस एकर आणि पुरलेला नवरा, सगळं एका झटक्यात परक्याचं!

आठवड्याने तो मॅकास्किल आलाच. लांबलचक, लाल दाढीचा, पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटनकडचा. एक बैलगाडी, एक तंबू आणि खिशात कागद. दारात माणूस आला की भाकर-मीठ पुढे करायचं ही आमची रीत. परस्काने ती पाळली, पण ताट असं आपटलं की मीठ उडालं.

"खा म्हणावं याला. मग भांडू."

तो उभ्यानेच खायला लागला. खाता खाता शेताच्या कडेने चालत गेला आणि क्रूसापाशी थांबला. टोपी काढली. कोण म्हणून खुणेनेच विचारलं. परस्काने स्वतःच्या बोटातली अंगठी दाखवली.

त्यानंतर तो दोन दिवस पलीकडच्या दलदलीत गुडघाभर चिखलात हिंडला. तिसऱ्या दिवशी येऊन तिमकोला म्हणाला, अदलाबदल करू.

"भिकेला लावेल गं हा," तिमको मला म्हणाला. "चांगलं सोडून चिखल कोण घेतं?"

खरी भीती निराळीच होती. अदलाबदलीसाठी दोघांनाही आधी आपापली जमीन सोडून द्यावी लागे. सोडलेली जमीन त्या क्षणी मोकळी, रांगेतला कुणीही तिच्यावर नाव घालू शकायचा. नांगरलेले तीस एकर आणि बांधलेलं घर कुणाला नको? तरीही परस्का निघाली; मी, तिमको आणि मॅकास्किल बरोबर. अडीच दिवसांची वाट. पोटात नुसती लसूण-भाकर.

कचेरीत सकाळीच रांग होती. आमच्या मागचे दोघे कान टवकारून तिमकोचं तोडकं इंग्रजी ऐकत होते. कारकून खिडकीतून म्हणाला, "आधी कोण सोडतंय?"

मॅकास्किलने सही केली. आता जमीन कुणाचीच नव्हती. मागचा एक जण लगेच पुढे सरकला, "ती मला हवी!" मॅकास्किलने खिडकीच्या दोन्ही बाजूंना हात टेकले आणि पाठ अशी पसरली की खिडकी दिसेनाशी झाली. मागून गुद्दे बसत होते. परस्का त्याच्या काखेखालून आत घुसली, सहीऐवजी एक फुली मारून आपली जमीन सोडली, दुसरी मारून त्याची घेतली. शिक्का बसला आणि मग मॅकास्किलने दलदलीवर आपलं नाव घातलं. तपासनिसाने लिहून दिलेलं होतं, तिची तीन वर्षंही धरली गेली.

बाहेर आल्यावर परस्काने तिमकोकरवी विचारलं, असं का केलं?

मॅकास्किल दाढी खाजवत म्हणाला, "तिच्या जमिनीत तिचा माणूस आहे. माझ्या जमिनीत अजून कुणी नाही. मी कुठेही नांगर धरीन."

परतताना परस्का गाडीत जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. महिन्यानंतरची तिची पहिली झोप. मी बैलांनाही हळू हाकायला लावलं.

घरी पोचल्यावर ती चूल पेटवायलाही थांबली नाही. तडक क्रूसापाशी गेली, कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाली.

"अहो शहाणे! गज वाचता येत नव्हता तर विचारायला जीभ झडली होती का? म्हणे 'मला सगळं कळतं'! त्या दाढीवाल्याला चिखलात घातलंत! मला अडीच दिवस गाडीत आपटवलंत! या माझ्या जावेला, येवदोखाला, रडवलंत! आणि वर स्वतः खुशाल इथे पडून..." इथे तिचं बोलणं तुटलं. नवरा गेल्यापासून प्रथमच ती मोठ्याने रडली.

तिमको तिला घरात आणायला निघाला होता. मी त्याचा सदरा धरला.

"बोलू दे त्यांना," मी म्हटलं. "आता त्यांना तिथून कुणी हलवत नाही."

ती अंधार पडेपर्यंत बोलत होती.