तिसाव्या मजल्यावरची मिठी

त्या उन्हाळ्यात आमच्या जिन्यात एकच कुजबूज होती: सत्तरीला टेकलेल्या लुद्विकाबाई एका ग्रीक पोराच्या प्रेमात पडल्यात. तळमजल्यावरच्या इर्मिनाने म्हणे पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. वॉर्सातल्या त्या उंच मनोऱ्याच्या तिसाव्या मजल्यावर, भर दुपारी, माणसांच्या गर्दीत लुद्विकाबाईंनी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि काही केल्या सोडेनात. दुसऱ्या मजल्यापर्यंत येईतो त्या मिठीत एक मुकाही आला होता. तो मी घातला. चवीपुरता.

लुद्विकाबाई आणि प्रेम! ज्या बाईला गॅसची भीती, वाऱ्याच्या झोताची भीती, लिफ्टची तर विचारूच नका. शहराच्या नदीपलीकडच्या भागात जायचं झालं तर पुलावर ट्राममध्ये डोळे मिटून बसायच्या. जन्म सगळा चॉकलेटच्या कारखान्यात गेला, नवरा लवकर गेला, सोबतीला भीती तेवढी राहिली. तिच्यावर त्यांचा उतारा एकच, समोर येईल त्याला खाऊ घालणं. भरल्या पोटी माणसाला काही होत नाही, असं त्या ठामपणे सांगायच्या.

युरोपचा फुटबॉल चषक आमच्या शहरात आला, हॉटेलं तुडुंब भरली आणि जिन्यातल्या प्रत्येकाने एकेक खोली भाड्याने दिली. लुद्विकाबाईंकडे आला थानासिस. पंचविशीचा, दाढीवाला, सतत हसणारा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. तो त्यांना 'याया' म्हणायचा, म्हणजे आजी. त्या त्याला वाढायच्या. संसार उत्तम चालला होता.

आमच्या नि ग्रीसच्या सामन्याच्या दिवशी दुपारी त्यांनी अळंब्यांचं सूप केलं. धाकट्या बहिणीचा नवरा झेनोन दर शरदात जंगलातून अळंब्या वेचून आणतो. त्या वाळवून, दोऱ्यात ओवून केलेली माळ बाईंनी खास पाहुण्यासाठी राखून ठेवली होती. पोराने दोन वाडगे ओरपले आणि पावाने पातेलंही पुसून घेतलं. बाईंना पित्ताशयामुळे अळंबी वर्ज्य, त्या उकडलेल्या बटाट्यांवर होत्या. मला बोलावलं नाही म्हणून मी वर रुसून बसलो होतो. आयुष्यात इतका फायद्याचा रुसवा मी दुसरा केलेला नाही.

पोरगा शहर बघायला बाहेर पडला आणि इकडे फोन वाजला. बहीण व्हांदा होती.

"अगं, झेनोनच्या ऑपरेशनची तारीख मिळाली! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, वर्षभर या माणसाला धड दिसतच नसणार. तरी मी म्हणते, खुंटीवरच्या माझ्या कोटाशी हा भांडतो का!"

लुद्विकाबाई हसल्या नाहीत. "व्हांदा, मागच्या शरदात अळंब्या कोणी वेचल्या?"

"त्यानेच. माझे पाय नव्हते का सुजले? म्हणाला, मला बोटांनी कळतात."

"तुम्ही खाल्ल्यात त्यातल्या?"

"आम्ही कुठल्या खातोय! अख्खी माळ तुलाच तर दिली."

माझं दार वाजलं तेव्हा बाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "अहो फ्लोरियान," त्या म्हणाल्या, "मी पोराला मारलं."

थट्टेसाठी उघडलेलं तोंड मी ऐकता ऐकता मिटलं. आमच्याकडचं शेंबडं पोरही ती विषारी अळंबी जाणतं. हिरवट टोपीची, पांढऱ्या पायाची; घरात शिरली की माणूस नेते, तेव्हा सगळ्या अर्थांनी पांढऱ्या पायाची. चवीला झकास. खाणारा पहिले काही तास हिंडतो, गातो, पुन्हा जेवतो. पोटात कळ येते तोवर आत यकृत सडायला लागलेलं असतं. म्हणजे वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्याचा फोन खोलीतच चार्जरला लटकला होता.

आम्ही ट्राम पकडली. पुलावर बाईंनी डोळे मिटले नाहीत. खिडकीला नाक लावून थानासिसचा निळा सदरा शोधत होत्या. पण त्या दिवशी अर्धं शहर निळ्यात नि अर्धं लाल-पांढऱ्यात! जुन्या गावच्या चौकात, जलपरीच्या पुतळ्याशी, त्यांनी एका निळ्या सदऱ्याची मान धरली आणि खालची पापणी ओढून डोळा पिवळा झालाय का ते पाहिलं. तो भलताच निघाला. त्याच्या दोस्तांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, असं प्रत्येकाला तपासत बसलात तर स्पर्धा संपेल," मी म्हणालो.

"मग तुम्ही डोकं चालवा! आयुष्यभर जीभच चालवलीत."

तेव्हा मला आठवलं, सकाळी जिन्यात तो खिडकीतून मनोऱ्याकडे बोट दाखवत होता.

मनोऱ्याच्या दारात लिफ्ट होती. बाई तिच्यासमोर थांबल्या, छातीवर क्रूस काढला आणि आत शिरल्या. वर जाईपर्यंत माझ्या दंडात त्यांची नखं रुतली होती.

थानासिस कठड्याशी उभा होता, हातात चीज घातलेला लांबट पाव, तोंड भरलेलं. "याया!" तो ओरडला. वारा सुटला होता, खाली ट्रामगाड्या काडेपेट्यांएवढ्या दिसत होत्या. बाईंनी एकदा खाली पाहिलं आणि धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी घातली.

मला इंग्रजीचे चार शब्द येतात. ते सगळे मी खर्च केले. "सूप. बॅड. यू. हॉस्पिटल."

"नो, नो! सूप गुड!" त्याने बोटांचा मुका घेतला. मग घड्याळ दाखवलं, स्टेडियमची दिशा दाखवली, आणि हळूच बाईंचे हात सोडवायला लागला.

"फ्लोरियान, हा चालला! सांगा ना त्याला काहीतरी!"

माझ्याकडे शब्द उरले नव्हते. तेव्हा लिफ्टला घाबरणारी ती बाई तिसाव्या मजल्यावर फरशीवर उताणी झोपली. वाडग्यातून सूप प्यायल्याचं दाखवलं, पोट धरलं, हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले. मग एक डोळा उघडून बोट त्याच्याकडे केलं.

भोवतीचे लोक हसले. थानासिस हसला नाही. पाव त्याच्या हातातून खाली पडला.

दवाखान्यात त्याचं रक्त घेतलं, कोळशाचं काळं पाणी पाजलं, हाताला नळ्या लावल्या. सामना कॉरिडॉरमधल्या टीव्हीवर चालू होता. बरोबरीत सुटला, पण आत कोणी विचारलं नाही. बाई त्याचा हात धरून बसल्या होत्या. "मी याच्या आईला काय सांगू?" एवढंच पुनःपुन्हा म्हणत होत्या. मध्येच पोराने पोटावर हात ठेवला की आम्ही दोघं ताडकन उठायचो. त्याला नुसती भूक लागलेली असायची.

उरलेली माळ मी अळंब्या तपासणाऱ्या सरकारी बाईंकडे नेली. त्यांनी कापं टेबलावर एकेक करून मांडली आणि भिंग घेऊन त्यांवर वाकल्या.

रक्ताचे अहवाल रोज येत राहिले. शेवटी डॉक्टरांनी नळ्या काढल्या, आणि थानासिस आपल्या पायांनी विमानतळावर गेला.

लुद्विकाबाई प्रेमात पडल्या नव्हत्या. मिठी त्यांनी उंचीला घाबरून मारली आणि त्याला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून सोडली नाही. माळेत दोन कापं विषारी निघाली. सुपात एकही गेलं नव्हतं.