टॅपेट कुठल्या भाषेत वाजतात

गोवा राज्य व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं आमच्या पेडण्यात माणसाला नावाआधी भाषा विचारायचे. मराठी की कोकणी? माझे बाबा मराठीच्या बाजूचे. बाजारात कापडाचं दुकान आणि सभेत पहिल्या रांगेतली खुर्ची. तोवर ठीक होतं. पण पुढे त्यांनी कोकणीत विचारलेल्याला उत्तर देणंच सोडलं. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की बाबा मान वर करून म्हणत, "काय? जरा नीट मराठीत बोला." मग ते बिचारं घसा खाकरून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्या आवाजात मराठीत खणाचं कापड मागे, आणि बाबा लगेच ताका उतरवत. गावात त्यांचा दबदबा वाढला. माणूस असावा तर असा, म्हणत लोक. कोकणीवालेसुद्धा त्यांना वचकून असत.

तत्त्व बाबांचं आणि जाच आईला. आई डिचोलीकडची, आमोण्याची. लग्न झाल्यापासून ती कोकणीतच रागावली होती, कोकणीतच लाडात आली होती, आणि बाबाही तिला आमच्या पेडण्याच्या बोलीत उत्तर देत आले होते. आता तिलाही तेच ऐकावं लागे, "काय? नीट मराठीत बोल." आमोण्याचा मामा कोकणीच्या चळवळीतला. त्याचा राग बाबा आपल्यावर काढतात, अशी आईची खात्री पटली. सुरुवातीला तिने चेष्टा करून पाहिली. "अहो, पेज वाढण्यात आली आहे," असं रेडिओवरच्या बातम्यांसारखं म्हणायची. पण स्वैपाकघरात माणूस बातम्या किती दिवस देणार? हळूहळू ती बोलेनाशी झाली. बोलकी बाई गप्प झाली की घर खायला उठतं.

मामाने नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. मी कॉलेजला होते, सुट्टीवर आले होते. निघायच्या सकाळी साडी नेसताना आई मला म्हणाली, "हांव थंयच रावतलें. म्हज्या भाशेक जाप दिवपी कोण तरी आसूं." म्हणजे ती माहेरीच राहणार होती. जाप म्हणजे उत्तर. माझ्या बोलण्याला उत्तर देणारं कुणीतरी असू दे, एवढंच तिचं मागणं होतं. मांजराला दूध घालायचं तिने शेजारणीला सांगूनही ठेवलं होतं. आईचं ठरवणं हसण्यावारी न्यायचं नसतं. बाबांना काय सांगावं, कसं सांगावं, काही सुचेना.

बाबांची गाडी पोर्तुगीज अमदानीत बोटीतून आलेली, एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, वापरून विकलेली. तिच्यावर त्यांचा अतोनात जीव. "इंजिनाच्या आवाजावरून मी दुखणं ओळखतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्या दिवशी म्हापसा मागे पडलं आणि गाडी टिकटिकू लागली. वेग वाढला की टिकटिक वाढे, कमी झाला की कमी होई. शिवणयंत्र पुढे ठेवून कुणी घाईने सदरा शिवतंय, असं वाटावं. अस्नोड्याला तर रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. बाबा मात्र खुशीत. "बघ कशी लोण्यासारखी चालली आहे!"

न राहवून आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अहो, गाडी वाजता. आयकूंक येना तुमकां?"

"काय? नीट मराठीत बोल."

आई माझ्याकडे वळली. "तुझ्या वडिलांना सांग, वाहनातून ध्वनी उत्पन्न होत आहे."

मुळगावच्या अलीकडे, खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर एक गॅरेज होतं. मीच हट्ट करून गाडी थांबवायला लावली. मिस्त्री सावंतवाडीकडचा, लाल धुळीने माखलेला, आणि तोंडाने भलताच फटकळ. बॉनेट उघडायच्या आधीच त्याने निकाल दिला, "तेल कमी असतला." पट्टी काढून पाहिली, तर तेल काठोकाठ. मग म्हणाला, "तरी माका वाटतच होता. टॅपेट वाजतहत." टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग. त्याने हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. "दुसरो," तो दोन बोटं दाखवत ओरडला.

"कसला दुसरा? आवाजच नाही," बाबा म्हणाले.

"मगे तुमीच आयका." मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

बाबांनी मूठ हाडाला लावली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं विजेचा झटका बसला. "अरे! हा तर केवढ्याने वाजतोय!" त्यांनी टोक सरकवलं. "दुसरा नाही, तिसरा." मग स्क्रू ड्रायव्हर काढला. "आता थांबला." परत लावला. "सुरू झाला!" परत काढला. "थांबला." इंजिन सारखं खडखडत होतं. मिस्त्री माझ्याकडे बघू लागला आणि मी आईकडे.

आई गाडीतून उतरली होती. ती हळूच बाबांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्हांला तहान लागली आहे का?"

बाबा हलले नाहीत.

चांगलं शुद्ध मराठी होतं. त्यात 'आहे'सुद्धा होतं. तरी उत्तर नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला, आणि ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. दोन्ही असणार. नवरा बहिरा झाला म्हणून आनंदाने रडणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. मग तिने बाबांचा खांदा धरून त्यांना वळवलं आणि थेट कानात ओरडली, "तुमी केप्पे जाल्यात!" केप्पो म्हणजे बहिरा. आणि वर लाडाने, रागाने, कितीतरी दिवसांचं साचलेलं असं काही बोलली, की मिस्त्री सभ्यपणे झाकणाचे नट खोलायला वळला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून, आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "लोक केप्पो म्हणान हासतले गो. मराठीखातर म्हटल्यार मान दितत." बहिऱ्याला लोक हसतात, मराठीसाठी अडून बसणाऱ्याला मान देतात. आई म्हणाली, "आनी म्हाका कितें दिसतलें, तें?" मला काय वाटेल, ते? बाबांनी फक्त तिचा हात धरला. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. मीच तोंड फिरवलं.

झाकण निघालं. तिसऱ्या टॅपेटच्या फटीत मिस्त्रीने मापाची पातळ पट्टी घातली, तर ती बरोब्बर बसली. "बघलात? ह्येच्यात काय दोष ना!" पण बाबा ऐकेनात. शेवटी त्याने वरचा दांडा सुटा करून उलटा केला, तेव्हा त्याच्या तोंडाला झिजून पडलेली खळी दिसली. सपाट पट्टी त्या खळीवरून नुसती जात होती, खरी फट तिला लागतच नव्हती. मिस्त्रीने दगडावर घासून ते तोंड सारखं केलं, फट नव्याने बांधली, आणि गाडी गुपचूप चालू लागली. ती गप्प झाल्याचं बाबांना आम्हीच सांगितलं.

कानातली बारीक हाडं आखडली की हवेतला आवाज अडतो, पण डोक्याच्या हाडातून शिरलेला पोचतो, हे पुढे म्हापशाच्या डॉक्टरांनी समजावलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं होतं, की घरात भाषेचं भांडण कधी नव्हतंच.

आमोण्याला पोचलो तेव्हा पानं वाढली होती. सगळ्या पाहुण्यांसमोर मामा पुढे आला आणि हसत कोकणीत म्हणाला, "भाऊजी, इतलो कळाव कित्याक जालो?" एवढा उशीर का झाला? बाबा गोंधळून त्याच्या ओठांकडे बघत राहिले. माणसं थांबली. मामाचे चळवळीतले दोस्तही कान टवकारून होते. आता फुटणार बिंग, असं मला वाटलं.

आई दोघांच्या मधे आली आणि भावावर खेकसली, "तांकां मराठींत विचार रे, आनी मात्शें व्हडल्यान!" मात्शें व्हडल्यान म्हणजे जरा मोठ्याने. "ते तत्वाचे मनीस."