गव्हासोबत वाळलेलं पान

मेहकरकडच्या एका शेतात विहीर खणताना काळ्या खडकाखाली राखाडी, पापुद्र्यापापुद्र्यांचा मऊ दगड लागला. लाव्ह्याच्या दोन थरांत दडपलेल्या तळ्याचा तो गाळ. मी बुलढाण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या विहिरींवरचे ढिगारे उकरते. घरचे म्हणतात, हिच्या डोक्यातच दगड भरलेत. म्हणोत बापडे.

त्या ढिगात मला दगडाची एक चीप सापडली. तिच्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानाचा आणि फळाचा ठसा, दोन्ही एकाच देठाला. सुटी पानं माझ्याकडे पोतंभर पडली आहेत, पण नुसत्या पानावरून झाड कुठलं ते ठामपणे सांगता येत नाही. फळ जोडलेलं हवं. तसं मला एवढ्या वर्षांत एकदाच मिळालं. एसटीत मी ती चीप मांडीवर धरून आणली.

हा दगड एकदम वाळला की फुटतो. म्हणून ओल्या पेपरात गुंडाळून मी तो जिन्याखाली सावलीत ठेवला. हळूहळू वाळू द्यायचा, मग पुण्याच्या संशोधन संस्थेत न्यायचा, असं ठरवलं होतं.

आईने वर्षाचे गहू गच्चीवर घातले, त्या दिवशी मी पेपर तपासायला गेले होते. संध्याकाळी वर गेले, तर गव्हाशेजारी जुन्या साडीवर माझी चीप होती. चीप कसली, चुरा.

"ओल धरली होती व बाई तिनं. बुरशी लागली असती. म्हून गव्हासंग उनात ठेवली," आई म्हणाली.

तिच्या हातचं धान्य कधी किडलं नाही. मला इतका राग आला की मी कठडा धरून उभी राहिले. माझा चेहरा बघून तिचाच चेहरा उतरला.

"तुले दुसरी भेटन ना?"

"हाव," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी त्या शेतावर गेले. जेसीबीने तो ढीग पांदण रस्त्यावर पसरला होता, वर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. विहीर काठापर्यंत बांधून झाली होती, आतला तो थरही झाकला गेला होता. शेतकरी खुशीत होता, पाणी भरपूर लागलं होतं. त्याला काय बोलणार?

आईला हे मी सांगितलेलं नाही. दर रविवारी ती माझ्या पिशवीत भाकरी ठेवते, जुने पेपर ठेवते आणि ते भिजवायला म्हणून पाण्याची वेगळी बाटली. मी मेहकरला जाते, स्टँडवर बसून भाकरी खाते आणि ते पाणी पिऊन परत येते.