पुढचंकाका समोर येतात

नाटकमंडळीचे प्रॉम्प्टर म्हणजे आपले पुढचंकाका. नट अडला की विंगेकडे बघून ओठातल्या ओठात कळवळायचा, "काका, पुढचं!" आणि काका पुढचं वाक्य अलगद त्याच्या पदरात टाकायचे. टाळ्या नटाला, पडद्याची धूळ काकांना. प्रेक्षकांनी त्यांचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

म्हणून मंडळींनी त्यांचं तैलचित्र करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा काकांनी एकच हट्ट धरला. "मला समोरून काढा. लोकांना एकदा तरी मला धड बघू दे!"

बोलणं सोपं. जन्मभर आडोशाला उभा राहिलेला माणूस तो! चित्रकार खोलीच्या मधोमध खुर्ची मांडायचा आणि काका सरकत सरकत कपाटामागे.

"अहो, कपाटाचं चित्र काढायचंय का त्यांना?" काकू खेकसायच्या.

वर गप्पा मारताना चित्रकार एखाद्या शब्दाला अडला, की काकांनी तो पुरवलाच म्हणून समजा. बिचारा रडकुंडीला आला. शेवटी काकू खुर्ची घट्ट धरून बसल्या, तेव्हा कुठे चित्र पुरं झालं. पण काय झालं होतं! पांढऱ्या मिशा, ताठ मान, आणि राजाने दरबारावरून फिरवावी तशी नजर. काका स्वतःच्याच चित्रापुढे कॉलर सारखी करून उभे राहिले.

अनावरणाला नाट्यगृह गच्च भरलं. रंगमंचावर चित्र, शेजारी काका. काकूंनी बजावलं होतं, "आज तोंड उघडलंत तर खबरदार! नुसतं दिसायचं."

अध्यक्ष बोलायला उठले. "आपले काका म्हणजे अत्यंत... अत्यंत..." आणि गाडी रुतली. काकांनी दात आवळले, मुठी आवळल्या. अध्यक्षांना दरदरून घाम फुटला. एवढे हाल काकांना बघवेनात. ते हळूच चित्रामागे गेले आणि तिथून आवाज आला, "निःस्वार्थी."

"निःस्वार्थी!" अध्यक्ष गरजले. "आणि तितकेच..."

"विनम्र."

"विनम्र!"

लोक हसून लोळायचेच बाकी राहिले. आपलीच स्तुती आपणच पुरवतोय, हे काकांच्या गावीही नव्हतं. पहिल्या रांगेतून काकू ओरडल्या, "अहो विनम्र, बाहेर या!"

काका लाजत बाहेर आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीने ते नटाला वाट द्यायला बाजूला झाले. नट कुणी नव्हताच. मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते सावकाश प्रेक्षकांकडे वळले आणि दिव्यांच्या झोतात असे काही उभे राहिले, की टाळ्या थांबल्या, लोक घरी निघाले, तरी हलेनात. शेवटी पडदा पाडावा लागला.