मायच्या नावानं दिलेला निरोप

हे मी आजवर कुनाला बोललो न्हाई. बायकोलाबी न्हाई. तुमी माझ्या वळखीचे न्हाईत म्हनून बोलतो — समोर बसून कुनी इचारलं असतं, तर शपथ घेऊन नाकारलं असतं.

माझी थोरली बहीन, अक्का, नटी हाय. तेलुगू न् तमिळ पिक्चरची. आमच्या युसूफ वडगाव गावातून आत्याकडं हैदराबादला शिकायला गेली, तिकडंच नाच शिकली न् पडद्यावर आली. आधी हिरोईन, मग वहिनी, आता हिरोची आई. चाळीस वर्सं झाली. सेटवरबी समदे तिला अक्काच म्हनतात.

गावात मात्र मी 'नटीचा भाऊ'. पंचायतीला उभा राहिलो, तवा तर भर चौकात हसले लोक. पन त्याचा राग म्हनाल तर — न्हाई, ते कारन न्हाई. मग कावून केलं मी? थांबा. सांगतो.

अक्का पडद्यावर गेली तवा मायनं रागानं तिला घर बंद केलं होतं. तीच माय शेवटची दोन वर्सं खाटेवर होती. अक्काचे पिक्चर टीव्हीवर हिंदीत लागायचे. माय डोळे बारीक करून बघायची न् चिडायची, "तोंड माज्या लेकीचं, न् आवाज कुन्या भवानीचा घातलाय गं बाई?" दुसरी बाई हिंदीत बोलती, हे शंभरदा सांगितलं. तिचं आपलं एकच — "बापू, फोन लाव. तिचा आवाज आयकू दे मला."

मी म्हनायचो, शूटिंगात हाय, उचलत न्हाई.

खोटं. साफ खोटं. अक्काचा दर आठवड्याला फोन यायचा, माझ्याच मोबाईलवर. मी अंगनात जाऊन बोलायचो. एकदा रडायलाच लागली. म्हनली, "बापू, मायला इचार ना, येऊ का मी?"

मी आत गेलोच न्हाई. कडुलिंबाखाली नुसता उभा राहिलो — इचारायला लागतो तेवढा वेळ. मग म्हनलो, "माय म्हनती, मी मेले तरी येऊ नको."

"बरं," म्हनली. एवढंच.

कारन ऐकायचंय? मायचं हागनं-मुतनं मी काढलं, तोंडात घास मी घातला, न् तिच्या तोंडी सदा अक्का, अक्का, अक्का. लई जळायचो मी. दुसरं काई न्हाई.

महिन्यानं माय गेली. कळवलं, तरी अक्का आली न्हाई. मायचा शब्द पाळला तिनं — मायचा कसला, माझा. दहाव्याला बाया बोलत होत्या, "आई मेली तरी नटीला सवड न्हाई. धन्य त्या पोराची, किती केलं त्यानं!" मी खाली मान घालून आयकत बसलो. बरं वाटलं मला. व्हय, बरं वाटलं.

यंदा तिकडं अक्काचा मोठा सत्कार झाला. मोबाईलवर बघितला मी. केस पांढरे, हातात काठी. तेलुगूत बोलता बोलता मधीच थांबली, न् मराठीत म्हनली, "माज्या मायनं मला माफ केलं न्हाई. बरोबरच केलं तिनं."

समोरच्या लोकांना काय कळनार? टाळ्या वाजवल्या त्यांनी.

मी तिला फोन लावला. म्हनलो, "अक्का, लई छान दिसत होतीस."