रिकामं यंत्र पास झालं

माझी थोरली बहीण चांगली शिकलेली इंजिनीयर, आणि ऑफिसात तिला नाव पडलंय ‘लालबाई’. का, तर तिनं चाचणीला हात लावला की पडद्यावरच्या हिरव्याचं लाल होतं. नावं ठेवणाऱ्यांची जीभ कशी झडत नाही, कोण जाणे!

तिचं काम काय, ते सांगतो. मी गॅरेजवाला, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. त्यांची कंपनी दवाखान्यांसाठी श्वास देणारी यंत्रं बनवते. बटण दाबलं की यंत्रातला एक छोटा प्रोग्राम आधी जागा होतो, बूटलोडर; तो मग मुख्य सिस्टिमला उठवतो. ती दर वेळी नीट उठते का, हे बघायला ताईच्या खोलीत झाकणं काढलेल्या यंत्रांची रांग मांडलेली असते. एक डबी आपोआप त्यांची वीज तोडते, पुन्हा देते. यंत्रानं ‘तयार’ असं कळवलं की पडद्यावर हिरवा ठिपका. दिवसभर हेच, माणसाचा हातही लागत नाही.

जुन्या सिस्टिममध्ये एक खोट होती. रुग्णाची नळी हळूहळू सैल होऊन निसटली, तर भोंगा वाजायचाच नाही. म्हणून नवी सिस्टिम लिहिली. चाचणी लावली, सगळं हिरवं. साहेब खूश, माल पाठवायचं ठरलं. ताईला मात्र चैन पडेना. नवं काम आणि एकदाही अडखळलं नाही? तिनं एका यंत्रातली नवी सिस्टिम पुसूनच टाकली आणि चाचणी लावली.

हिरवा ठिपका!

परीक्षेला न बसलेला पोरगा पास! झालं होतं असं, की नवी उठली नाही तर रुग्णाचा खोळंबा नको म्हणून बूटलोडर यंत्रातच राखून ठेवलेल्या जुनीला गुपचूप उठवायचा. सोय चांगलीच होती. पण चाचणी ‘कुणी उठलं का’ एवढंच विचारायची. कोण उठलं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. नवी सिस्टिम लिहिणारे आपल्या टेबलावर बूटलोडरला वगळून तिला थेट सुरू करत, त्यामुळे त्यांनाही पत्ता नाही. ताईनं तो प्रश्न चाचणीत घातला. संध्याकाळपर्यंत अख्खी रांग लाल; बूटलोडरच्या हाकेला नवी कुठेच उठत नव्हती.

“मॅडम, चाचणीतली ती नवी ओळ काढून टाका,” साहेब म्हणाले. “मशीन सुरू होतंय ना?”

“होतंय सर. पण जुनं.”

“ते पुढच्या वेळी बघू. गाड्या दारात उभ्या आहेत.”

घरी आई म्हणाली, “कशाला नसत्या उठाठेवी? सगळे हिरवं म्हणतात, तर तूही म्हण.” मी आईवरही भडकलो. ब्रेक न लागणारी गाडी मी धुऊनपुसून गिऱ्हाइकाला दिली, तर लोक मला जोड्यानं मारतील. ह्यांना मात्र साहेब म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी ताईनं खोक्यात भरलेलं एक पास यंत्र उचललं आणि थेट मीटिंगच्या टेबलावर ठेवलं. त्याला फुप्फुसाच्या जागी रबरी पिशवी लावली, नळी साहेबांच्या हातात दिली.

“ओढा सर. हळूहळू.”

साहेबांनी ओढली. पिशवी चपटी होऊन पडली. भोंगा गप्प.

“हे पास आहे?” ताईनं विचारलं.

गाड्या रिकाम्या परत गेल्या. बूटलोडरची आणि नव्या सिस्टिमची गाठ नीट घालून दिली, मगच यंत्रं बाहेर पडली. आता भोंगा वाजतो, चांगला खणखणीत वाजतो.

आणि ताईला काय मिळालं? ‘कामात अडथळे आणतात’ असा शेरा. बढती कुणाला, तर ती जुनी चाचणी ज्यानं लिहिली होती त्याला! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. माझं तर रक्त उकळतं.

तो शेरा मिळाला त्या संध्याकाळी आम्ही जेवत होतो. ताईचा फोन वाजला. नव्या यंत्राचा भोंगाच तिनं फोनला लावलाय. आईच्या हातातला घास खाली पडला.

“बंद कर गं ते मेलं!”

फोन साहेबांचा होता. मी रागानं तो बंद करायला हात पुढे केला, तर ताईनं माझं मनगट धरलं.

“वाजू दे,” ती म्हणाली. “एवढ्यासाठीच तर भांडले.”