पाच वाजताचं संगीत

टेबलावर नऊ अर्ज होते आणि नऊही जणांनी एकच विषय मागितला होता, योग. नऊही पोरं जंगलातल्या एकाच गावची.

"मेंढरं आहेत सर," मी प्राचार्यांना म्हणालो. "एकानं उडी मारली की सगळी मारतात."

मी नागभीडकडच्या एका कॉलेजात टाइमटेबल करतो. नव्या शैक्षणिक धोरणात 'ओपन इलेक्टिव्ह' आलं, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यायचा. सायन्सवाल्यानं संगीत घ्यावं, कॉमर्सवाल्यानं मत्स्यपालन. ही नऊ पोरं मात्र सकाळच्या योगावरच अडून बसली.

"कॉलेज तपासायला समिती येणार आहे. व्हरायटी दिसली पाहिजे," प्राचार्य म्हणाले.

मी नऊ जणांना पाच विषयांत वाटून टाकलं. प्रत्येक विषयाचा तास वेगळ्या वेळेला. बीएस्सीच्या प्रणालीला संगीत मिळालं, चार ते पाच. दुसऱ्याच दिवशी ती दारात उभी.

"सर, मले योगच द्या जी."

"का? गाणं आवडत नाही?"

"लय आवडते. पण पाच वाजता मी एकटीच रायतो."

"मग एकटं राहायला शीक." हे वाक्य आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

थंडीचे दिवस होते. एकदा संध्याकाळी मी घरी जाताना ती तिच्या गावच्या फाट्यावर बसलेली दिसली. बस तिला तिथं उतरवून पुढं गेली होती आणि गाव तीन किलोमीटर आत.

"कोणी आलं का जातो," ती म्हणाली.

कोणी येत नव्हतं. वाटेत वाळूचा नाला आहे, तिथं गाडी रुतते. मी मोटरसायकल टपरीवर लावली आणि तिच्यासोबत पायी निघालो.

ती मोठ्यानं गात चालली होती. सा रे ग, रे ग म. पोरगी रियाज करते म्हणून मला कौतुक वाटलं. नाला ओलांडला आणि ती 'रे ग'वरच थांबली. मागं कुठंतरी वानर खेकसलं. मग तेही गप्प. पाखरंसुद्धा गप्प झाली.

"मागं पाहू नका सर. चाला," ती हळूच म्हणाली आणि पुन्हा गाऊ लागली. आता सूर थरथरत होता. मान वळवायची हिंमत झाली नाही.

गावातून तिचे वडील आणि चौघं जण काठ्या, टॉर्च घेऊन मला पोचवायला आले. नाल्याच्या वाळूत आमचे ठसे होते. माझ्या बुटाच्या ठशावर एक गोल, रुंद पंजा उमटला होता. पुढच्या ठशावरही. गावाच्या दिशेनं.

"तो तुमच्या मागंच होता जी," वडील म्हणाले. नाव कोणीच घेतलं नाही. "नऊ जण राह्यले का बाजूनं जाते. म्हणून पोरं संगंच येतात."

सकाळी मी सगळे इलेक्टिव्ह एकाच तासाला लावले, बारा ते एक.

"एवढ्या खोल्या कुठून आणू?" प्राचार्य चिडले.

"चिंचेखाली बसवू. पण पोरं एकाच बसनं जातील." रात्री नाल्यात काढलेला पंज्याचा फोटो मी मोबाइलवर पुढं केला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि सही केली.

अर्ज पुन्हा भरून घेतले. त्याच नऊ जणांनी सहा विषय घेतले. योगाला एकच पोरगा उरला, त्याला खरंच आवड होती. प्रणालीनं संगीतच ठेवलं.

समितीनं शेरा मारला, 'विद्यार्थ्यांची आवड व्यापक झाली आहे.' आवड आधीपासूनच होती. प्रणालीला फक्त पाच वाजता एकटीनं घरी जायचं नव्हतं.